बुजवलेलं भोक

मिस्त्रींनी मला आधी पायडल दाखवलं. मग पुन्हा पायडलच दाखवलं. तिसऱ्यांदा, चहा येऊन निवल्यावर, ते स्वतः स्टुलावर बसले आणि चार-पाच उसाच्या कांड्या घेऊन पाय मारून दाखवू लागले. कांडी आडवी धरायची, पाय दाबायचा, वरून वाटीच्या आकाराचं पातं येतं आणि कांडीवरचा डोळा, मागे थोडा गर ठेवून, टचकन सुटतो. तो ट्रेमध्ये कोकोपीटात लावला की महिना-सव्वा महिन्यात रोप हातात. अख्ख्या टिपऱ्या पुरायच्या तर एकरी दोन-तीन टन ऊस बेण्यात जातो. नुसते डोळे काढून घेतले तर बाकीचा ऊस गुऱ्हाळाला मोकळा. डोळा काढायची हत्यारं तेव्हाही बाजारात होती, पण हाताची. दिवसभर दांडा ओढून रोपवाटिकेतल्या बायकांचे खांदे भरून यायचे. मिस्त्रींनी ते काम हातावरून पायावर आणलं होतं.

“आता ह्याचं पेटंट करून द्या मॅडम. म्हंजे कुणी हात लावायला नको.”

२०१४ चा श्रावण, कोल्हापूरचं उद्यमनगर. पत्र्यावर पाऊस, आत लेथ चालू, त्यामुळे आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो. मी पेटंट एजंट. एजंट म्हटलं की लोकांना आरटीओ आठवतं नाहीतर एलआयसी, म्हणून पुढचं वाक्य नेहमी खुलाशाचं असतं: विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, पेटंट ऑफिसची परीक्षा असते, दोन लेखी पेपर आणि तोंडी. मिस्त्रींना हे ऐकायची गरज वाटली नाही. पुण्याहून बाई एवढ्या पावसात आली आहे म्हणजे तिला काहीतरी येत असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

माझा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असतो आणि तो मशीनबद्दल नसतो. हे आजवर कुणाकुणाला दाखवलंय?

हा प्रश्न ऐकून मिस्त्री खुलले. त्यांनी हात पुसून मोबाइल काढला. फेब्रुवारीत तालुक्याच्या मैदानावर कृषी प्रदर्शन झालं होतं. स्टॉल घेतला होता, मशीनला झेंडूचा हार घातला होता, आमदारांनी स्वतः पाय मारून बघितला होता. तीनशे पत्रकं वाटली होती. एकेक फोटो ते मोठा करून दाखवत होते आणि प्रत्येक फोटोगणिक माझं पेटंट पातळ होत होतं.

कायदा या बाबतीत रूक्ष आहे. अर्ज करायच्या आधी वस्तू लोकांसमोर आली की ती ‘नवी’ राहत नाही, मग आणणारा स्वतः शोधक का असेना. प्रदर्शनासाठी एक सवलत आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात तसं जाहीर केलेलं असावं लागतं, आणि तिथूनही बारा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तालुक्याचं मैदान त्यात बसत नाही. माझ्या कामातला सगळ्यात वाईट क्षण हाच. कुणी हौसेनं पोराचे फोटो दाखवावेत आणि आपण सांगावं की याची जन्मतारीख चुकली.

“म्हंजे लोकास्नी दावलं, हीच चूक?”

“पायडलचं पेटंट आता होणार नाही, मामा.”

ते गप्प झाले. लेथवरच्या पुतण्याने मशीन बंद केलं, तेव्हा पावसाचा आवाज एकदम मोठा वाटला. मला काही बोलायला सुचेना म्हणून मी मोबाइल परत मागून घेतला आणि फोटो बघत बसले. फोटोतलं पातं बघितलं, समोरच्या मशीनचं पातं बघितलं. पुन्हा फोटो. समोरच्या पात्याला, वाटीच्या पाठीमागे, एक भोक होतं. फोटोतल्या पात्याला नव्हतं.

“हे भोक कधी पाडलं?”

“ते व्हय? मे म्हैन्यात. डोळा आत चिकटून बसत हुता. एक बाई बोटानं काढाय गेली, आन् बोट कापून घेतलं. म्हटलं, हवा तरी जाऊ दे आत. दीड सुताचं मारलं. आता पडतोय की आपसूक.”

उसाचा गर ओला आणि चिकट. वाटीत गच्च बसला की मागे हवा शिरायला वाट राहत नाही आणि डोळा सुटत नाही. एक भोक पाडलं की सुटतो. मिस्त्रींच्या लेखी ही दुरुस्ती होती, जशी दाराची कडी घासते म्हणून कानस मारावी. शोध पायडलचा. मी म्हटलं, आपण पेटंट या भोकाचं करू. पुतण्या हसला. मिस्त्री हसले नाहीत, ते माझ्याकडे निरखून बघत राहिले. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्यांना आधी ठरवायचं असावं.

पेटंटमध्ये क्लेम नावाचा भाग असतो. बाकीची पंधरा-वीस पानं म्हणजे वर्णन. हक्क मिळतो तो फक्त क्लेममध्ये लिहिलेल्या शब्दांचा. ही गोष्ट मी इंजिनिअरांना, प्राध्यापकांना, एकदा तर एका वकिलालाही तासभर समजावली आहे. मिस्त्रींना समजावताना मी खरेदीखताची चतुःसीमा म्हटलं, पूर्वेस अमुक, दक्षिणेस ओढा, आणि ते लगेच म्हणाले, “म्हंजे बांध म्हणा की.” बांधच. आपलं शेत किती मोठं आहे ते आपल्याला वाटतं तेवढं नसतं, बांध घातलाय तेवढं असतं. बांध फार पुढे सरकवला तर शेजाऱ्याच्या रानात जातो आणि भांडण लागतं. फार आत घेतला तर आपलंच रान बाहेर राहतं. मी पुण्यात परतल्यावर माझ्या कार्यालयातल्या पोरांना हीच उपमा द्यायला लागले, आणि ती मिस्त्रींची आहे हे सांगायचं पहिली दोन वर्षं विसरले.

ऑगस्टमध्ये प्रोव्हिजनल अर्ज केला, म्हणजे तारीख पदरात पडली. पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १,६०० रुपये. कंपनीला तेव्हा कितीतरी जास्त. मिस्त्रींना फी ऐकून दिलासा वाटला आणि मग भाषा ऐकून धक्का बसला. अर्ज हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मराठीत चालत नाही. ज्या माणसाने पातं घडवलं त्याला त्या पात्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता येणार नाही, ही सोय मला अजूनही पटलेली नाही. म्हणून मी क्लेम इंग्रजीत लिहिते आणि शोधकासमोर बसून मराठीत वाचते. पूर्ण क्लेम एकाच वाक्यात बसवायचा असतो. मिस्त्रींनी ते लांबलचक वाक्य मान खाली घालून ऐकलं, कीर्तनात निरूपण ऐकावं तसं, आणि शेवटी म्हणाले, “मधी न्हाई. बाजूला लिव्हा.”

“काय?”

“भोक. मधी न्हाई पाडलेलं. डोळ्याचं टोक जिकडं जातंय त्याच्या उलट अंगाला हाय. तसं लिव्हा.”

मी ‘वाटीच्या पृष्ठभागावर किमान एक छिद्र’ असं लिहिलं होतं आणि त्या ‘किमान एक’वर खूश होते. जागा नेमकी सांगितली की बांध आत येतो, म्हणून क्लेममध्ये ती घालायला मी तयार नव्हते. पण म्हातारा माणूस एवढं म्हणतोय तर वर्णनात एक वाक्य टाकू, म्हणून टाकलं. त्यांचं मन राखायला. का, ते मी विचारलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण विचारणं हाच माझा धंदा आहे.

मी सांगलीची. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, त्या पेवात उतरण्याआधी आत कंदील सोडून बघायचे ही गोष्ट मी लहानपणी भुताच्या गोष्टीसारखी ऐकलेली. १९९७ साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात एकच बातमी चघळली जात होती: अमेरिकेने हळदीचं पेटंट रद्द केलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना १९९५ मध्ये, जखम भरून येण्यासाठी हळद वापरायचं पेटंट मिळालं होतं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिथे महासंचालक होते. वडिलांचं म्हणणं असं, की यात एवढं आव्हान कसलं द्यायचं, माझ्या आईला साक्षीला बोलवा.

आजीची साक्ष चालली नसती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरेशी नव्हती, छापील पुरावा लागायचा. सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले, आणि त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. त्या कागदांवर आपण जिंकलो. वडील पेढे घेऊन आले. मला मात्र कुठेतरी टोचलं, की घरोघरी हळदीचा डबा आहे आणि पुरावा म्हणून ग्रंथालयात जावं लागलं. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला तो याच टोचणीतून. परदेशी पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाला त्याच्या भाषेत आपली आजी वाचता यावी, एवढाच त्याचा उद्देश. मी या धंद्यात आले त्याचं मूळ त्या पेढ्यांत आहे असं मी मुलाखतींत सांगते. खरं तर नोकरी मिळत नव्हती हेही कारण होतं.

कागद वेळेवर न आल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून, वर्षानुवर्षं निवडत त्यांनी बारीक तांदळाचं वाण तयार केलं. त्याला नाव पडलं एचएमटी, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. वाण दूरदूर पसरलं. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये शुद्ध केलेलं म्हणून स्वतःच्या नावापुढे एचएमटी लावून प्रसारित केलं. पेटंट कायद्यात वनस्पतींच्या वाणाला जागाच नाही. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करायची सोय ज्या कायद्याने दिली तो २००१ चा. म्हणजे दादाजींचं धान अठरा वर्षं आधी पिकलं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, मासिकांत फोटो आले, २०१८ मध्ये ते गेले तेव्हा अग्रलेख आले. दुकानात तांदूळ घेताना एचएमटी म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना त्या घड्याळाशिवाय आणखी कुणाचं नाव आठवतं?

मधल्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या माणसांची जात बदलली. पूर्वी मिस्त्री यायचे, औषध कंपन्यांचे लोक यायचे, क्वचित एखादा प्राध्यापक, तोही शोधनिबंध छापून झाल्यावर, अभिनंदनाची पत्रं आल्यावर, मग पेटंटचं आठवलं म्हणून. आता कॉलेजं येतात, घाऊक. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली, आणि मानांकनात पेटंटला गुण आहेत. मार्च जवळ आला की फोन सुरू होतात. “मॅडम, पंधरा पेटंट पाहिजेत. पब्लिश झालेली चालतील.” अठरा महिन्यांनी, किंवा लवकर छापा म्हणून वेगळा अर्ज केला तर आधीच, प्रत्येक अर्ज शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये छापून येतो. छापून येणं म्हणजे अर्ज आला एवढंच. लग्नाचा बायोडेटा छापला म्हणजे लग्न झालं असं धरून गेटवर फ्लेक्स लावायचा, तशातला हा प्रकार. कुंडीतल्या झाडाला मोबाइलवरून पाणी घालायच्या यंत्राचे मी आजवर सात अर्ज नाकारलेत, सातही वेगवेगळ्या कॉलेजांचे, आकृती जवळपास तीच. देशात २०२३-२४ या एका वर्षात एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात आपण २०१५ मध्ये ८१वे होतो ते २०२४ मध्ये ३९वे झालो. आकडे खरे आहेत, आणि त्यात चांगलं कामही भरपूर आहे. पण ती कुंडी डोळ्यांसमोरून जात नाही.

मिस्त्रींच्या अर्जावर पहिला परीक्षण अहवाल आला २०१८ मध्ये. तेव्हा एवढा वेळ लागायचाच, परीक्षकच कमी होते. अहवालात आक्षेप होता: कुण्या परदेशी माणसाचं फार जुनं पेटंट, कलिंगडाचे गोल गोळे काढायचा चमचा, आणि त्याच्या वाटीला भोक. हवा आत यावी आणि गोळा सुटावा म्हणून. मी ती आकृती छापून उद्यमनगरला नेली. मिस्त्रींनी चष्मा लावून बघितली आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

“आपलंच हाय की हे! बघ रे, ह्याचाबी गर चिकटत हुता.”

त्यांना सांगावं लागलं, की ही आनंदाची बातमी नाही. त्या चमच्यामुळे तुमचं भोक आता ‘कुणाही जाणकाराला सहज सुचलं असतं’ असं ठरतंय. उत्तर द्यायला सहा महिने. मी विचारायला सुरुवात केली, चार वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते. भोक बाजूलाच का?

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. ते उठले, कपाटाखालचा डालडाचा जुना डबा ओढला, त्यातले बोल्ट-वायसर उपसून तळातून एक पातं काढलं. कमानपाट्याचं पोलाद, तांबूस गंज, कड अजून धारदार. त्यांनी ते माझ्या हातात पालथं ठेवलं. वाटीच्या बरोबर मध्यावर एक पिवळा ठिपका होता, करवंदाएवढा, चकचकीत. पितळेचं ब्रेझिंग करून बुजवलेलं भोक. आणि त्याच्या शेजारी, कडेला, दुसरं भोक, उघडं.

“पयलं मधीच मारलं हुतं,” ते म्हणाले. “पर मधी डोळाच येतो की. डोळ्याचं टोक भोकाच्या कडंला अडकायचं आन् खुडायचं. दीडशे ट्रे लावलं, निम्मं उगवलंच न्हाई. मला वाटलं पाणी कमी पडलं. मग एक डोळा भिंगाखाली बघितला, तर टोक गायब. मग बुजवलं, आन् उलट्या अंगाला मारलं. कलिंगडाला कुठं डोळा असतो?”

मी ते पातं बराच वेळ हातात धरून बसले. चमच्यावाल्याला गोळा सोडवायचा होता, तो खायचा होता. इथे जे सुटायचं ते जिवंत सुटायला हवं होतं. शोध त्या पिवळ्या ठिपक्यात होता. क्लेममध्ये बदल करता येतो, पण मुळात लिहिलेलं असेल तेवढ्याच्या आत; नवं काही मागाहून घुसडता येत नाही. म्हणजे आता सगळी भिस्त त्या एका वाक्यावर, जे मी मन राखायला म्हणून लिहिलं होतं. मी पुण्यात येईपर्यंत लॅपटॉप उघडला नाही, वाक्य खरंच आहे की शेवटच्या सफाईत मीच काढून टाकलं, या धास्तीने. होतं.

हिअरिंग मुंबईला, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. मिस्त्री महालक्ष्मीने रात्रभर बसून आले, इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पाती. सुरक्षारक्षकाने पाती बघितली आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, ती हत्यारंच होती. गेटवरच्या वहीत नोंद झाली: ‘लोखंडी वस्तू २’. वर जाताना मी मिस्त्रींना सांगत होते, की मुंबईच्या याच कार्यालयातून ९ मार्च २०१२ ला देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. कॅन्सरचं औषध, सोराफेनिब. बायर कंपनीचं पेटंट, महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात. पेटंट कंट्रोलरांनी हैदराबादच्या नॅटकोला ते महिना ८,८०० रुपयांत विकायची परवानगी दिली आणि बायरला त्यावर रॉयल्टी. म्हणजे बांध पक्का असला तरी गावाला पाण्याची वाट द्यावी लागते कधी कधी. मिस्त्रींनी विचारलं, “आन् आपल्या भोकाचं असं काय करतील का?” मी म्हटलं, आधी मिळू तर द्या.

आत कंट्रोलरांनी थेट विचारलं, छिद्र कडेला नेण्यात विशेष ते काय? मी क्लेमचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्रींनी दोन्ही तळवे पुढे केले. एकाची वाटी केली, दुसऱ्या हाताचं बोट त्या वाटीत वाकडं ठेवलं, डोळ्याचं टोक असं, आणि कोल्हापुरी हिंदीत म्हणाले, “साहेब, भोक बीच में मारा तो इसका मुंडी उडता है. मुंडी उडा तो ऊस किधर से आएगा?” कंट्रोलर काही वेळ त्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडून वर्णनातल्या त्या वाक्याचा पान-क्रमांक मागितला. माझ्या वीस मिनिटांच्या युक्तिवादाची तयारी तशीच फाइलमध्ये राहिली. काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं, बांध बराच आत घेऊन: पातं, वाटी, आणि डोळ्याच्या टोकाच्या उलट बाजूला छिद्र.

प्रमाणपत्र ऑनलाइन येतं. पुतण्याने ते रंगीत छापून, लॅमिनेट करून लावलं. मग मिस्त्रींच्या डोक्यात आलं, की यावर कर्ज काढून प्रेस मशीन घ्यावं. बँकेच्या मॅनेजरनी प्रमाणपत्र उलटसुलट करून बघितलं म्हणे, पाठीमागे काही शिक्का आहे का म्हणून, आणि विचारलं, “याचा सातबारा?” मला हे मिस्त्रींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसले. पेटंट गहाण ठेवता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे, पेटंट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये बोजाची नोंदही होते, अगदी सातबाऱ्याच्या इतर हक्कांसारखी. पण त्या भोकाची किंमत किती धरायची, हे त्या शाखेत कुणाला ठरवता येणार होतं? मलाही येत नाही. ज्ञानाची अर्थव्यवस्था म्हणून भाषणं मी पुष्कळ ऐकलीत, दोन-तीन केलीही आहेत. शेवटी प्रेस मशीन आलं ते मिस्त्रींच्या बायकोच्या पाटल्यांवर.

२०२१ च्या उन्हाळ्यात त्यांचा फोन. “ताई, चोरी झाली.” मॅडमची ताई कधी झाले ते कळलंच नव्हतं. शेजारच्या तालुक्यात कुणीतरी तेच मशीन विकत होतं, हजार रुपयांनी स्वस्त. मी तयारीनिशी गेले. नोटीस कशी द्यायची, कोणत्या कोर्टात जायचं, नुकसानभरपाई. मिस्त्रींनी एक मशीन विकत घेऊन शेडमध्ये ठेवलं होतं. तोच पोपटी रंग, तेच पायडल, स्टुलाची उंचीसुद्धा तीच. पातं वर करून मी वाटीच्या मागून बोट फिरवलं. सपाट. पुन्हा फिरवलं.

भोक नव्हतं. नक्कल करणाऱ्याने बघून बघून सगळं उचललं होतं आणि भोक तेवढं सोडलं होतं. त्याला ती ड्रिलची चूक वाटली असणार.

आमचा बांध भोकाभोवती. भोक नाही तर बांध ओलांडलेलाच नाही. नोटीस कसली द्यायची? आणि मशीनचं जे रूप त्याने चोरलं, त्याचं संरक्षण वेगळ्या कायद्याने मिळतं, डिझाइनच्या, दहा वर्षं आणि वर पाच. प्रदर्शनात दाखवलेलं रूप गेलंच होतं, पण त्यानंतर मिस्त्रींनी पूर्ण सांगाडा बदलला होता, तो बाजारात न्यायच्या आधी हजार रुपये फीत नोंदवता आला असता. मी सुचवलं नव्हतं. भोकाच्या प्रेमात होते. हे मी त्यांना त्या शेडमध्ये उभं राहून सांगितलं, कारण पुण्याला येऊन ईमेलने सांगणं बरं दिसलं नसतं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तुमास्नी तरी सगळं कसं सुचंल?” यापेक्षा ते चिडले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी मग त्या नकली मशीनला स्टुलावर बसून दोन कांड्या लावल्या. दुसऱ्याच कांडीला डोळा वाटीत अडकून बसला. त्यांनी तो पेचकसाने काढला, खाली टाकला, आणि काही बोलले नाहीत.

पुढच्या हंगामात मला पुतण्याकडून कळलं, ते मिस्त्री सांगायला लाजत होते. स्वस्तातलं मशीन घेतलेले शेतकरी पाती घेऊन उद्यमनगरला येऊ लागले होते. डोळा चिकटतोय, काहीतरी करा. मिस्त्री खडूने खूण करत, उलट्या अंगाला, आणि दीड सुताचं भोक मारून देत. पन्नास रुपये. म्हणजे पेटंटधारक स्वतःच्या हाताने नकलेमध्ये स्वतःचं पेटंट घालून देत होता. यावर मी कायदेशीर सल्ला काय द्यावा, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. मी फक्त विचारलं, पन्नास कमी नाहीत का? पुतण्या म्हणाला, “काका म्हणतात, भोक पाडायला किती वेळ लागतो?”

पेटंट टिकवायचं तर दरवर्षी फी भरावी लागते. व्यक्तीच्या नावावर असेल तर सातव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत वर्षाला २,४०० रुपये, अकराव्यापासून ४,८००. एक वर्ष चुकलं की बांध मोडला, रान गायरान. अकराव्या वर्षाची फी दुप्पट होणार म्हणून मी मिस्त्रींना सविस्तर मेसेज लिहिला: मशीनं आता पूर्वीइतकी जात नाहीत, नोटीस कुणाला द्यायची नाही, कर्ज मिळत नाही, तेव्हा पुढे चालू ठेवायचं की सोडायचं हे एकदा नीट ठरवू. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी खात्यात पाच हजार जमा झाले, आणि मागोमाग पुतण्याच्या नंबरवरून मेसेज: “भोकाची घरपट्टी भरून टाका. उरलेल्याचा चहा.”